वहीतले अकरा तित्तर
डिसेंबरचा शेवटचा रविवार, तित्तर अकरा, मोजणारे दोघे, मी आणि माझा शेजारी, अशी नोंद माझ्या वहीत आहे. पण खसखशीच्या रश्श्याचा वास आला की वही न उघडताच ती आठवते. घाटंजीच्या रस्त्यालगत तुरीच्या शेतात, कडेच्या धुऱ्यावरच्या बोरीपासून थोडं दूर आम्ही दवात बसलो होतो. पाखरं बघायला माझ्यासोबत कोणी येत नसे, म्हणून महिनाभर न चुकता येणाऱ्या या शेजाऱ्याचं मला फार कौतुक होतं. "भाऊ, हे रोज इथूनच निघतेत काय? किती वाजता?" त्यानं विचारलं. मी वही पाहून सांगितलं, "पावणेसातला, त्याच बोरीखालून." पुढच्या रविवारी त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून एकटाच गेलो. तित्तर चारच निघाले, आणि बोरीखाली नायलॉनचा फास दिसला. कोण्या परक्याला शिव्या देत घरी आलो, तर शेजाऱ्याकडून खसखशीच्या रश्श्याचा स्टीलचा डबा आला होता. पहिल्याच घासाला बारीक हाड लागलं. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, तर तो हसला. "ओळखलं नाही काय? तुमच्याच वहीतले हायेत, भाऊ! टाइम एकदम बरोबर निघाला तुमचा." आता मी वहीत फक्त आकडा लिहितो, जागा आणि वेळ लिहीत नाही. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्या संध्याकाळी मी तो घासला, पुसला आणि रिकामाच त्याच्या हातात दिला.