यादीतलं नाव

दुपारी दोन वाजता ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. चारला अहवाल बँकेकडे जायचा होता.

काम नेहमीचंच, बँकेचे जर्मन हिशेब इंग्रजीत आणायचे. ही बँक लोकांना असे रोखे विकायची, की ज्यांचा परतावा दुसऱ्याच कंपन्यांच्या शेअरांच्या चढउतारावर ठरायचा. घेणाऱ्याला ते कळत नाहीत, विकणाऱ्याला कळतात की नाही देव जाणे, पण भाषांतर करणारीला मात्र कळावेच लागतात. त्या हिशेबांत एक जर्मन शब्द होता, संभाव्य नुकसानीसाठी आधीच बाजूला काढलेल्या रकमेचा. ऑफिसच्या शब्दयादीनं त्याला दिलेला इंग्रजी शब्द होता सरळ गंगाजळीचा! म्हणजे जे देणं, ते शिल्लक म्हणून मिरवत होतं. तेही शेहेचाळीस ठिकाणी.

यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हा तिथला शिरस्ता. एकदा शब्द नोंदवला की मशीन तो पानोपानी आपोआप बसवायचं, आणि नोंदीशेजारी नोंदवणाऱ्याचं नाव राहायचं. ताईंनी नाव उघडून पाहिलं. ते त्यांच्या नवऱ्याचं होतं.

वीस वर्षं याच ऑफिसात एकेक शब्द पारखून नवऱ्यानं ती यादी उभी केली होती. आता त्यांचे डोळे गेले होते, आणि आल्यागेल्याला अभिमानानं सांगायला ती यादीच काय ती उरली होती. हा शब्द त्यांनी एका विमा कंपनीच्या कामात घेतला होता. विम्यात तो चालतो. ‘फक्त विम्यापुरता’ एवढी टीप टाकायची राहिली, आणि बँकेचं काम आलं तेव्हा तो बिनबोभाट इकडे घुसला.

ताईंना आधी रडू आलं, मग राग आला. एवढा काटेकोर माणूस, आणि नेमका इथंच चुकावा! त्यांनी शब्द दुरुस्त केला. मग जुन्या चुकीच्या नोंदीवरचं नवऱ्याचं नाव खोडून स्वतःचं घातलं, आणि उठून मॅनेजरबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“चूक माझी आहे. मागचे दोन अहवालही तपासावे लागतील.”

“ताई, चार वाजायला आलेत! बँकेला काय सांगू मी, माझं कपाळ?”

“जे आहे ते सांगा.”

बाईंनी बँकेला फोन लावला. अहवाल थांबला. बँकेचं काम ताईंकडून काढून घेतलं गेलं, आणि तेही सगळ्यांदेखत.

संध्याकाळी दार उघडलं, तर नवरा खुर्चीत ताठ बसलेला.

“मॅनेजरबाईंचा फोन आला होता,” ते म्हणाले. “तुझी तब्येत बरी आहे ना, विचारत होत्या. इतक्या वर्षांत कधी चूक नाही, आज कसं झालं म्हणे. मी विचारलं, कुठला शब्द?”

“अहो, जाऊ द्या ना. झालं गेलं...”

“तो शब्द माझा आहे. मी त्यांना तसं सांगून टाकलं.”

“कशाला सांगितलंत? तुमच्यासाठीच तर मी सगळं अंगावर घेतलं!”

“माझ्यासाठी?” त्यांचा आवाज चढला. “चार हजार शब्द माझे, आणि चुकला तेवढा तुझा होय? मग उरलेले माझेच कशावरून? उद्या गेल्या गेल्या माझं नाव परत घाल.”

ताई अजून दारातच उभ्या होत्या, पायांत चपला तशाच.

“घालते,” त्या म्हणाल्या.