निंब फळझाड नाही म्हणे

जुलेखाआपांचा राग अख्ख्या गावाला ठाऊक होता. यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं तडवी मुसलमानांचं गाव ते. सकाळी केळीच्या बागेत मजुरी करायची आणि दुपारी चारला मशिदीच्या अंगणात पोरांना दीन, म्हणजे धर्म, शिकवायचा, हा आपांचा बावीस वर्षांचा नेम. पोरं त्यांना टरकून असत, तरी एकही दिवस चुकवत नसत.

धर्माचा इतिहास आपा नुसता घोकून घेत नसत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी जपून वापरा, ही पैगंबरांची शिकवण सांगितली, की त्याच दिवशी पोरांना वजूच्या नळापाशी उभं करत. नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी पूर्वी गटारात जायचं. आपांनी पोरांकडून चर खणून घेतला आणि त्याच्या टोकाला निंबाचं रोप लावलं. दहा वर्षांत रोपाचं झाड झालं. उन्हाळ्यात गावाचा तवा होतो, तेव्हा आपांचा वर्ग त्याच्याच सावलीत भरे.

आणि आता मशिदीच्या कमिटीला कमान हवी होती! शेजारच्या गावानं बांधली, मग आपलं नाक कापलं गेलं ना? निंब आडवा येत होता. जूनच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की करवत लावायची, असं कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, सुभानभाऊ यांनी ठरवून टाकलं.

आपा तरातरा त्यांच्या ओट्यावर गेल्या. "पहिल्या खलिफांनी लढाईले निघालेल्या फौजेले बजावलं होतं, फळझाडं तोडू नका. दुश्मनाच्या मुलखातलीबी नाही! अन् तुम्ही मशिदीतलं झाड तोडता?"

सुभानभाऊंनी सावकाश सुपारी कातरली. "फळझाडं ना? मंग निंब काय फळझाड हाये का, आपा? आंबा राहता तर हात नसता लावला."

ओट्यावरचे चौघे फिदीफिदी हसले. आपा तणतणत ओट्यावरून उतरल्या. त्यांना सुभानभाऊंचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. 'फळझाड' हा शब्द वर्षानुवर्षं त्यांनीच पोरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. त्यातूनच या माणसानं पळवाट काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पारा उतरलेलाच नव्हता. जो दिसेल त्याच्यावर त्या खेकसत होत्या. आठ वर्षांची तमन्ना मात्र निंबाखाली बसून खुशाल पिकल्या निंबोळ्या चोखत होती.

"थुक ते! शिकाले आली का खाले आली?"

"आपा, फळच तर हाये," तमन्ना रडवेली होऊन म्हणाली.

आपा जागच्या जागी थांबल्या. "काय म्हनली? परत म्हन."

मग पोरांत जी कुजबुज झाली, तिच्याकडे आपांनी डोळेझाक केली. इतकी वर्षं एकही कुजबुज त्यांनी खपवून घेतली नव्हती.

जुम्म्याची नमाज संपली. करवतवालाही नमाजेला आत होता, त्याची करवत दाराशी तयार होती. माणसं बाहेर आली, चपलांत पाय घातले आणि एकच ओरडा झाला. प्रत्येक चपलेत पिकलेल्या निंबोळ्या! सुभानभाऊंच्या जोड्यात तर मूठभर. त्यांचा पाय घोट्यापर्यंत चिकट झाला.

"कोन्या हरामखोरानं काय घातलं हे?"

"फळं हायेत, सदरसाहेब," तमन्ना आपांच्या पाठीमागून म्हणाली.

आधी एक म्हातारा हसला, मग सगळं अंगण हसलं. करवतवाल्यानं करवत गोणपाटात गुंडाळली. "मी नाही लावत हात, भाऊ. माह्याबी चपलेत निघाल्या."

सुभानभाऊ लालबुंद होऊन वजूच्या नळाशी गेले आणि पाय धुवायला नळ भसाभस सोडला. पाणी चरातून निंबाकडे धावलं. आपा पुढे झाल्या. हसू त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

"नळ बारीक करा, सुभानभाऊ," त्या कडाडल्या. "झाड तुम्हाले कळलं नाही, पान्याचं तरी कळू द्या."