एकवीस दिवसांची वाट

बाजाराच्या दिवशी घाटंजीत साधना मुनेश्वरकडे बांधाचं भांडण घेऊन कुणी ना कुणी येतंच. दोन भाऊ, दोघांच्या हातात दोन कागद. साधना दोघांना पाणी देते आणि म्हणते, "कागद ठेवा बाजूले. आधी वावरात जाऊ." तिचे वडील नागोराव सरकारी मोजणीत साखळी ओढायचे. ती उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकावर नकाशे काढते. वय बेचाळीस, आवाज खणखणीत. एकदा आकडा सांगितला की कुणाच्या तोंडाकडे बघून ती तो बदलत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र भांडण आलं ते थेट अमेरिकेतून.

दोन म्हातारे मित्र, एक युटा राज्यातले, दुसरे ओहायोतले. दोघेही ख्रिस्ती धर्मातल्या मॉर्मन पंथाचे. त्यांच्या धर्मग्रंथात एक जुनी हकिकत आहे. जेरुसलेमहून काही कुटुंबं जहाजानं अमेरिकेत उतरली, त्यांची राज्यं झाली, लढली आणि संपली. ग्रंथात नगरांची, नदीची, टेकडीची नावं आहेत. पण त्या जागा आज कुठं, ते ग्रंथ सांगत नाही आणि त्यांचं चर्चही सांगत नाही. पंथाबाहेरचे संशोधक तर म्हणतात, असं काही घडल्याचा पुरावाच जमिनीत नाही. पंथातली माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या नकाशे काढत आली. युटावाल्यांच्या मते तो मुलूख मध्य अमेरिकेत, ओहायोवाल्यांच्या मते उत्तरेकडे, मोठ्या सरोवरांपासून खाली पसरलेला. तीस वर्षं वाद घालून थकल्यावर दोघांनी ठरवलं, ज्याचं इथं काहीच अडकलेलं नाही अशा माणसाकडून नकाशा काढून घ्यायचा. इंटरनेटवर शोधता शोधता त्यांना साधना सापडली.

तिनं त्यांनी पाठवलेले उतारे चार वेळा वाचले. सगळा वाद एका प्रवासावर येऊन अडत होता. राजाच्या जाचातून पळालेली माणसं बायका-पोरं आणि गुरंमेंढरं घेऊन निघाली आणि मधला लांबचा मुक्काम सोडला तर एकूण एकवीस दिवस चालून मोठ्या नगराला पोचली. दिवसाला किती चालली, ते लिहिलेलं नाही. युटावाले म्हणत सोळा किलोमीटर, ओहायोवाले म्हणत चाळीस.

साधना स्कूटी काढून गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर गेली. तिथली रुपीबाई सगळ्यांची याडी, म्हणजे आई; तिचं निम्मं आयुष्य ढोरांमागं गेलं होतं.

"याडी, ढोरं-लेकरं घेऊन दिवसाले किती चालनं होते?"

"कोनाच्या पायानं इचारून राह्यली? माह्या, का बकरीच्या पिल्लाच्या?"

"जो सगळ्यात हळू चालते, त्याच्या."

"मंग तोंडानं काय सांगू? परवा हिरासिंग ढोरं घेऊन झरीकडे निंगते, चराईले. जाय त्याच्या संगं."

हिरासिंग हा रुपीबाईचा थोरला मुलगा. बाई मागं येणार म्हटल्यावर तो थोडा अवघडला, पण त्यानं आईचा शब्द मोडला नाही. नागोराव तेवढे म्हणाले, "संगणक सोडून ढोरांमागं काहून चालली, पोरी?"

"संगणकाले पाय नाही, बाबा."

चार दिवस ती चालली. मोबाइलवर वाट नोंदवली जात होती. पहिल्या दिवशी तेरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी बकऱ्या नाल्याच्या पाण्यात पाय घालेनात, शिवाय एक गाय वाटेतच व्याली, नऊ. तिसऱ्या दिवशी डांबरी रस्ता लागला, तेव्हा सतरा. चौथ्या दिवशी अकरा. टाचेला फोड आले. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती घरी बसून कधीच आली नसती. कळपातलं कुणीच अंतराचा विचार करत नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात पुढचं पाणी होतं. तिनं मग प्रत्येक पाणवठा टिपून घेतला.

परत आल्यावर एका सकाळी तिनं दोघांना व्हिडिओवर बोलावलं.

"एकवीस दिवसांचे अडीचशे किलोमीटर, फार तर तीनशे," ती म्हणाली. "वळणं काढली तर त्याहून कमी. चाळीस किलोमीटर फौज चालेल, बाळंतीण चालणार नाही."

युटावाल्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. साधना त्यांच्याकडे वळली.

"तुमच्या नकाशात उत्तर दिशा साठ अंशांनी पश्चिमेकडे वळवली आहे."

"जुने लोक दिशा वेगळ्या मानत असतील," ते म्हणाले.

"असतील. पुरावा द्या, मीही वळवते. तोवर माझ्या नकाशात उत्तर ती उत्तरच."

आता ओहायोवाले हसले, पण लगेच त्यांनी आपल्या टेकडीचं विचारलं. लहानपणी आई त्यांना दरवर्षी एका टेकडीवर न्यायची, ग्रंथातली टेकडी हीच असं सांगायची. साधनाच्या हिशेबानं ती टेकडी फार दूर पडत होती. साधनाला वाईट वाटलं, पण आकडा हलला नाही.

"तुमची टेकडी मी पुसली नाही," ती म्हणाली. "वाट तेवढी आखडली."

"मग खरी जागा कुठली?" ओहायोवाल्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी लिहिणार नाही."

"तुमचा स्वतःचा या ग्रंथावर विश्वास आहे?"

"नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. पण मी ज्यांची शेतं मोजते, त्यांतलं एकही माझं नसतं. म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

तिनं दिलेल्या नकाशावर कुठल्याच देशाचं नाव नव्हतं. एक नदी, दोन समुद्रांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, नगरं, आणि त्यांच्यामध्ये किलोमीटरऐवजी दिवस. भोवती कोरा कागद.

दोन महिने गेले. मग ओहायोवाल्यांची मेल आली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते शेजाऱ्याची मेंढरं आणि दोन नातवंडं घेऊन दिवसभर चालले होते. दहा किलोमीटर झाले. तुमचा आकडासुद्धा जास्तच आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. सरोवरांचा हट्ट त्यांनी सोडला नाही; आता एकाच सरोवराच्या काठी तो सगळा मुलूख बसतो का, ते शोधत होते. युटावाले जुन्या लोकांच्या दिशांचा पुरावा धुंडाळत होते. मैत्री टिकली, वादही टिकला.

इकडे हिरासिंगला त्या चार दिवसांची वाट कागदावर हवी होती. जाण्यायेण्याच्या जुन्या वाटेत एका ठिकाणी नवीन कुंपण झालं होतं आणि ही वाट आमच्या आज्यापासूनची आहे, हे तोंडी कुणी ऐकत नव्हतं. साधनानं नकाशा छापला. रुपीबाईनं त्यावर बोट ठेवून दोन पाणवठे दुरुस्त करून दिले. अर्जासोबत तो नकाशा तहसील कार्यालयात गेला. कुंपण अजून निघालेलं नाही. पण परवा दोन साहेब पाहणीला आले, तेव्हा गाडीतून बघू म्हणाले. साधनानं नकाशाची घडी हातात धरली आणि पायीच निघाली. साहेबांना उतरावं लागलं.