गाऱ्हाण्याला न लागलेला फोन

चीनमध्ये राहून आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. तिथे साप खातात का, आणि मग तू काय खात होतीस. कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत लिफ्टची वाट बघणाऱ्या प्रत्येकाचं हे विचारून झालंय. खाण्याचं काही अडलं नाही हो. भात होता, मासे होते, आणि नाक मुरडायला आम्ही काही शाकाहारी नव्हे. अडलं ते फोनचं. त्यात माझं एक ऐकायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

मी तिथे दक्षिणेकडच्या एका शहरात दिव्यांच्या माळा तपासायचं काम करत होते. आपल्याकडचा एक व्यापारी त्या मागवायचा. माळ पेटते का, वायर कुठे उघडी नाही ना, हे बघून मी माल पास करायची. गणपतीत मखरावर लुकलुकतात त्याच माळा. आमच्या घरच्या मखरावरही त्यातलीच एखादी असणार. माळ दरवर्षी वेळेवर पोचायची. मला मात्र यायला जमत नसे, कारण गणपतीचा माल रवाना होतो न होतो तोच दिवाळीच्या मालाची घाई सुरू व्हायची.

आमचं मूळ मालवणकडचं. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, पण घरचा गणपती चुकवला नाही. आणि आमच्याकडे आरतीहून मोठं असतं ते गाऱ्हाणं. पूजा झाली की घरचा कर्ता हात जोडून उभा राहतो आणि थेट देवाशी बोलतो. कोणाचं काय अडलंय, कोणाला काय हवंय, सगळं एकेकाचं नाव घेऊन, मोठ्याने. प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा.’ लहानपणी मला ते कधी एकदा संपतंय असं व्हायचं, कारण मोदक त्यानंतर मिळत. बाबा एरवी अगदी मोजकं बोलणारे. गाऱ्हाण्यात मात्र त्यांना कंठ फुटायचा. त्यांच्या मनात आपल्याविषयी काय आहे हे कळायची वर्षातली ती एकच वेळ होती.

तेवढं मला तिथून ऐकायचं होतं, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं होतं.

आपले फोनवर बोलायचे नेहमीचे सगळे मार्ग तिकडे बंद असतात. ते उघडायला एक चोरवाटेचं अ‍ॅप ठेवावं लागतं, आणि ते आज चालेल तर उद्या चालेलच असं नाही. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. आमची पूजा आटपायची तेव्हा कारखान्यात दुपारची झोप चाललेली असे. जेवण झालं की दिवे मालवून सगळे आपापल्या टेबलावर डोकं टेकतात, साहेबसुद्धा. पहिल्या वर्षी त्या अंधारातून मी चोरपावलांनी जिन्यात जाऊन बसले. फोन लागला. मखर दिसलं, आई दिसली, हात जोडलेले बाबा दिसले. बाबांचं तोंड हलायला लागलं आणि आवाज गेला. शेवटपर्यंत आला नाही. ‘बाबा, आवाज येत नाही,’ असं मी कुजबुजत राहिले. तिकडे देवाशी बोलणारा माणूस माझ्याकडे कशाला बघेल?

मागाहून मी म्हटलं, पुढच्या वेळी आईला रेकॉर्ड करायला सांगा. बाबांना ते मुळीच पटलं नाही.

‘गाऱ्हाणा रेकॉर्ड करूचा नसता. जेका व्हय म्हणूचा आसा, तेना थंयच म्हणूचा. मागसून व्हय म्हणान काय उपेग?’

पण त्यांनी एक खूण ठरवली. आवाज गेला तर हात वर करायचा. हात वर म्हणजे, दिसतंय. त्यानंतर निम्म्याअधिक फोनवर आम्ही बापलेक शाळेतल्या पोरांसारखे हात वर करून बसलेलो असायचो.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, चोरवाट नकोच, तिकडचंच अ‍ॅप बाबांच्या फोनवर घालू. तर त्याला कोणीतरी जुना सभासद जामीन लागतो. माझ्या कारखान्यातली एक मैत्रीण जामीन राहिली. बाबा खूश झाले. रोज सकाळी मासळीबाजारातल्या ताज्या बांगड्यांचा फोटो यायचा. मी म्हटलं, चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. पण चतुर्थीच्या पहाटे बाबांनी उत्साहात मला आणि त्या मैत्रिणीला बाप्पाची इतकी चित्रं पाठवली, इतकी पाठवली, की अ‍ॅपने त्यांना लबाड ठरवून त्यांचं खातंच बंद करून टाकलं. मैत्रीण बिचारी प्रत्येक चित्राला हसरा चेहरा पाठवत बसली होती.

तिसऱ्या वर्षी माझा पासपोर्ट नवा झाला. परक्या माणसाचं तिथलं सगळं जगणं पासपोर्टच्या नंबराला बांधलेलं असतं. सिमकार्ड, बँक, घराचं भाडं, कँटीनचं जेवणसुद्धा. नंबर बदलला की तुम्ही नवे, आणि जुने तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे सिद्ध करत फिरायचं. नेमका चतुर्थीला सकाळी माझा फोन बंद पडला. मैत्रिणीला घेऊन फोन कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथे नवीनच त्रांगडं निघालं. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं. बँकेने माझं पूर्ण नाव लिहिलेलं, फोनवाल्यांनी आडनाव आधी, आणि तिसऱ्या ठिकाणी चौकट अपुरी पडली म्हणून मधलं नाव अर्ध्यात तुटलेलं. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलत होती. तिने विचारलं, हे मधलं काढूनच टाकू का, मग सगळं जुळेल. मी म्हटलं, नाही, ते माझे वडील आहेत. मैत्रिणीने भाषांतर केलं. ती मुलगी ओशाळली आणि उठून माझ्यासाठी गरम पाण्याचा पेला घेऊन आली. त्यांच्याकडे सगळ्या दुःखावर गरम पाणी हा उपाय आहे.

फोन सुरू झाला तेव्हा कांजूरला मोदकांची ताटं घासूनही झाली होती.

ते बाबांचं शेवटचं गाऱ्हाणं. त्या थंडीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी नोकरी सोडून परत आले. नोकरीचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तो आवाज ऐकायचं मी पुढच्या वर्षावर टाकत गेले, जसं काही तो कुठे जाणारच नव्हता.

यंदा चतुर्थीच्या सकाळी आई खोबरं खवत होती आणि मी गूळ चिरत होते. मी विचारलं, ‘आई, बाबा माझ्यासाठी काय मागायचे गं?’

‘तुझ्यासाठी?’ आईचा हात थांबला नाही. ‘पयल्या वर्षी म्हणाले, नोकरी टिकांदे. मगे दरवर्षी एकच. चेडवाचो फोन लागांदे रे म्हाराजा.’

‘आणि तुम्ही?’

‘आमी काय म्हणतलंव? व्हय म्हाराजा.’

मला आधी हसू आलं. मग मी सुरी खाली ठेवली. देवाजवळ लोक पैसा मागतात, पोरीचं लग्न मागतात, आणि माझ्या बापाने माझ्या फोनला रेंज मागितली. तीही मिळाली नाही.

पूजा झाली. शेजारचे काका गाऱ्हाणं घालायच्या तयारीनेच आले होते. आई म्हणाली, ‘चेडू घालतला.’

काकांनी भुवया वर केल्या. ‘चेडवान गाऱ्हाणा घालूचा?’

‘मगे कोणी? घरात दुसरा कोण आसा?’ आई म्हणाली, आणि विषय मिटला.

मी हात जोडले. ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या घरची लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत. जा काय चुकला माकला असात, ता पोटात घाल.’ मधेच शब्द अडत होते, आई मागून पुरवत होती. तिच्या गुडघ्यांसाठी मागून झालं, काकांच्या मुलाच्या नोकरीसाठी मागून झालं. मग म्हटलं, ‘ह्या घरच्या धन्याचो आवाज परत येवंदे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले.

मी वळून बघितलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बाबांचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता. फोनवर कितीदा बघितलेलं तेच चित्र, फक्त आता मधे काही बंद पडलेलं नव्हतं, आणि ज्याच्याकडे तक्रार करावी असं काउंटरही नव्हतं.

मी हात वर केला. बाबांनी डावा हात उचलला, जेमतेम खांद्यापर्यंत, आणि मी बघतेय तोवर तो खाली घेतला नाही.