घाणेवाडीच्या काठावर गाळात रुतलेला अर्धा तास

गेल्या रविवारी सकाळी आम्ही दोघं घाणेवाडीच्या तलावावर होतो. मी आणि माझे मिस्टर. तीन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चाला, पण सपाट रस्त्यावर. चढ नको, दम लागेल असं काही नको.

घाणेवाडीचा बांध त्यासाठी अगदी बराबर जागा आहे. निजामाच्या काळातला तलाव, दगडी काम अजून भक्कम... वरून निवांत चालत जायचं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला शेतं. हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात, म्हणून मिस्टर हल्ली मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढतात. एसटीत तीस वर्षं क्लार्क होते, तेव्हा चिमणीकडेही बघायला वेळ नव्हता.

बांध संपल्यावर आम्ही काठाकाठानं थोडं पुढे गेलो. पाणी मागे हटलेलं, मध्ये वाळलेल्या गाळाचा पट्टा, आणि त्याच्यापलीकडे चक्रवाकांची जोडी. नारिंगी रंगाची, उन्हात नुसती चमकत होती. मिस्टरांनी उभ्या जागेवरून फोटो काढला. मी बघितला, तर दोन ठिपके.

"अजून थोडं पुढे जा ना," मी म्हणाले.

"खाली ओल वाटतीय."

"वरून सगळं वाळलंय की. भेगा पडल्यात बघा."

ते गेले. आठ-दहा पावलं नीट पडली. थांबले, फोटो काढले. अजून एक पाऊल टाकलं आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ते हसले. मीही हसले. पाय ओढायला त्यांनी उजव्या पायावर जोर दिला, तर तोही गेला... बघता बघता मांडीपर्यंत.

मग कुणीच हसलं नाही. ते जोर लावत होते आणि प्रत्येक झटक्याला थोडे आणखी खाली जात होते. एक हात छातीवर गेला. कपाळावर घाम. तो उन्हाचा की कशाचा, मला इतक्या लांबून कळेना.

मी चप्पल काढली आणि निघालेच. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ बाई, थांबा तिथंच."

शेजारच्या शेतातली बाई होती, साठीच्या आसपासची. कौसाबाई, हे नाव नंतर कळलं. "तुम्ही बी फसल्या तर दोघायला कोण काढील?" एवढं म्हणून ती मिस्टरांकडे वळली. "साहेब, ओढू नका. मागं टेका, खाटंवर टेकल्यावानी. जल्दी बिलकुल करू नका."

मी ओरडून सांगितलं की ते हार्ट पेशंट आहेत. तिनं फक्त मान हलवली. "मंग तर हालायचंच न्हाई. तुम्ही माझ्यासंगं चला."

तिच्या शेताच्या बांधावर तुराट्यांच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. नुकतीच तूर निघालेली. आम्ही त्या उचलून आणायला लागलो. ती एकेक पेंढी गाळावर आडवी टाकत, तिच्यावर पोटावर सरकत पुढे जायची. मी मागून पुढची द्यायची. माझे हात सोलपटले होते, पण ते घरी आल्यावर दिसलं.

मिस्टरांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती. "गोळी घ्या," मी म्हणाले. "लागत नाहीये गं," ते म्हणाले, "दुखत नाही. तू घाबरू नको." आवाज शांत होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कौसाबाई त्यांच्यापर्यंत पोचली. एक पेंढी त्यांच्या पाठीखाली सारली, शेतातून येताना खांद्यावर टाकून आणलेला बैलाचा कासरा कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "मी म्हनल्याबिगर ओढायचं न्हाई." मग हातानं गाळ उकरत त्यांना सांगायला लागली, पाय गोल गोल फिरवा... हळू... पाणी आत शिरू द्या.

अर्धा तास गेला असेल. एक पाय सुटला. बऱ्याच वेळानं दुसरा. बूट आतच राहिले. मी कासरा हळूहळू घेत गेले आणि ते तुराट्यांवरून पाठीवर सरकत काठाला आले. मी आधी नाडी धरली. जोरात होती, पण नीट चालू होती.

कौसाबाईनं कळशीतलं पाणी दिलं. स्वतःचे हात धुताना म्हणाली, "मागल्या साली माझी म्हैस इथंच फसल्ती. तिला न्हाई काढता आलं."

तिथून सरळ जालन्याला दवाखान्यात. ईसीजी ठीक निघाला.

संध्याकाळी पुण्याहून आमच्या प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते. मिस्टर तिला सांगत होते, "माझाच आगाऊपणा. तुझी मम्मी नको नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही." पोरगी त्यांना दहा मिनिटं रागावली. ते हो बाळा, चुकलं बाळा, म्हणत राहिले. मी दारात येऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागले.

मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि नंतर चार दिवसही नाही.

चक्रवाकांचा फोटो खाली टाकलाय. फार सुंदर आलाय. बांधावरून चालायला जरूर जा, पण पाणी हटलेल्या गाळावर उतरू नका, तो कितीही वाळलेला दिसू द्या. कौसाबाई फेसबुकवर नाहीत. त्यांच्याकडे आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत, तुराट्या पुन्हा रचून द्यायला.

आणि प्रज्ञा, तू हे वाचशीलच... पप्पा नको म्हणत होते. पुढे जा, असं मी म्हणाले होते.