पाठमोरा मतदार

सामानवाले भाऊ माणूस म्हणून कसे होते, हे सांगायला मी काही फारसा लायक नाही. एकाच इमारतीत आमची काही वर्षं गेली, पण जिन्यातली ओळख जिन्यातच राहिली. त्यांना गोड आवडायचं की तिखट, एवढंही मला ठाऊक नाही. फक्त त्या मतदानाच्या दिवशी मी जवळ होतो, म्हणून जमेल तसं लिहितो.

भाऊ लोकांची बिऱ्हाडं हलवायचे. कपाट असो की पलंग, खांद्यावरून घेतलेल्या जाड पट्ट्यावर तोलून जिन्याने उतरवायचे. खालची बाजू त्यांची, वरची मेहुण्याची. उतरताना सगळा भार खालच्यावर येतो, म्हणून मेहुण्याने जन्मभर वरची जागा सोडली नाही, असं भाऊ म्हणत. मेहुणा म्हणे, बहीण दिली तेव्हाच माझा भार उतरला.

त्यांचं स्वतःचं बिऱ्हाडही भाड्याच्या खोल्यांतून फिरत असायचं. निवडणूक आली की नाव निघायचं शहराच्या भलत्याच टोकाला, कुठल्या तरी मागच्या पत्त्यावर, आणि भाऊंच्या पट्ट्यावर त्या दिवशी कुणाचं तरी कपाट असायचं. पन्नाशी उलटली तरी त्यांनी एकदाही मत दिलं नव्हतं. साऱ्या शहराची घरं लावून दिलीत, आपलं नाव तेवढं कुठे लागलं नाही, असं वहिनी येताजाता ऐकवायच्या. शेवटी आमच्या इमारतीत तळमजल्याची खोली कायमची झाली आणि नाव यादीत आलं. संसदेची निवडणूक जाहीर झाली, तसं त्या दिवसाचं काम घ्यायचं नाही असं भाऊंनी ठरवून टाकलं.

आमचा मतदारसंघ म्हणजे एका पक्षाच्या खिशातली जागा. जुना बाजार, बंद पडलेले कारखाने आणि आमच्या उंच इमारतींची रांग, एवढा त्याचा पसारा. मी नोकरीला लागलो तेव्हा तोच पक्ष निवडून आला होता आणि निवृत्त झालो तेव्हाही तोच. आधी वडील, मग मुलगा. दुसऱ्या पक्षाचे उमेदवार नुसते पडायला उभे राहत. आमच्या इमारतींतून मतं जेमतेम पडायची. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं आणि लिफ्ट लहरी. उमेदवार तळमजल्यावर हात हलवून पुढच्या गल्लीला लागायचे.

मतदानाच्या सकाळी लिफ्ट बंद पडली. भाऊ स्वच्छ शर्ट घालून निघालेच होते, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी कठड्यावरून विचारलं, आम्ही काय वरूनच मत टाकायचं का. भाऊ परत फिरले. आजोबांना हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसवलं, खालून पट्टा घेतला, मेहुण्याला हाक मारली आणि उलट्या पावलांनी जिना उतरू लागले. आजोबा काठी टेकत शेजारच्या गल्लीतल्या शाळेत मत देऊन परत आले; भाऊंनी त्यांना वर पोचवलं, तोवर पाचव्या मजल्यावर दोघी तयार होऊन बसल्या होत्या.

मग थांबता येईना. दुपारी एका पक्षाचा कार्यकर्ता आला. आमची माणसं आधी उतरवा, म्हणाला. त्याच्यामागून दुसऱ्या पक्षाचाही आला. भाऊंनी दोघांना एकच उत्तर दिलं.

"कपाट उचलताना आत काय आहे ते मी विचारत नाही. सरका."

उरल्या सातव्या मजल्यावरच्या बाई. कधीकाळी मुख्याध्यापिका होत्या आणि आवाज अजून तसाच होता. मी काय कपाट आहे का, म्हणून त्यांनी दिवसभर सगळ्यांना परतवलं होतं. संध्याकाळी मन बदललं. त्यांची पिशवी आणि चष्मा घेऊन मी खुर्चीमागून निघालो. पाचव्या मजल्याशी येतो तर खालून वहिनींचा आवाज आला.

"सगळ्यांची झाली. तुम्ही कधी देणार मत? सहाला दार लावतात."

सहाला फार वेळ नव्हता. बाईंनी फर्मावलं, "मला इथेच ठेव आणि पळ."

भाऊंच्या कपाळावरून घाम निथळत होता. "जिन्यात सामान टाकून मी आजवर गेलो नाही, बाई."

"पुन्हा सामान म्हणालास तर बघ."

कसे उतरलो ते आठवत नाही. गल्लीतही खुर्ची टेकवायला त्यांना वेळ नव्हता, आणि सवयीने भाऊ सपाट रस्त्यावरही पाठमोरेच धावत होते. मागून मेहुणा दिशा सांगत होता: डावीकडे, गटार, सरळ. शाळेचं फाटक शिपाई ओढू लागला होता. भाऊ त्या फटीत पाठीनेच आदळले. आतल्या अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, वेळ संपली, माणूस अजून बाहेर तोंड करून उभा आहे.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. "तोंड कुठे का असेना, पाय आत आहेत. वर्गात पाय मोजतात. नीट बघा."

अधिकाऱ्याने खाली वाकून खरोखरच पाय पाहिले. दोन्ही फाटकाच्या आत होते. त्याने फाटक पुन्हा उघडायला लावलं आणि म्हणाला, घ्या यांना, आणि त्यांच्या खुर्चीलाही.

भाऊ मत देऊन बाहेर आले ते सरळ तोंडाने. वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. कुणाला दिलंत, असं त्यांनी विचारलं नाही. पदराने भाऊंच्या पाठीवरचा फाटकाचा गंज झटकला, तो काही निघाला नाही. "राहू दे," भाऊ म्हणाले. एवढा मोठा माणूस गल्लीभर एकटाच हसत चालला होता. बाईंना वर न्यायचं अजून बाकी होतं.

निकाल लागला आणि खिशातली जागा थोडक्या मतांनी खिशातून निसटली. आमच्या इमारतीतून एवढं मतदान आजवर झालं नव्हतं. जिंकलेले म्हणत होते भाऊ आमचे. हरलेलेही म्हणत होते आमचेच. भाऊ त्या दिवशी कामावर होते. मी मुलीकडे कायमचा राहायला निघालो होतो, तेव्हा जिन्यात गाठ पडली. पट्ट्यावर फ्रिज, भाऊ खाली, मेहुणा वर. निवडून कोण आलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "जरा बाजूला व्हा, काका. वळण आहे."

"झालो," मी म्हणालो.