तुझ्या बाबांच्या अँपमधला कंडेन्सर

फोन कानाजवळ घे गं, आणि आता तरी नीट बसून ऐक. गिटारचा अँप दारात ठेवलास, रिक्षा थांबलीय म्हणालीस आणि पळालीस. चहासुद्धा घेतला नाहीस. वर जाता जाता हुकूम, "आत्या, बाबांनी सोल्डर केलेलं काही काढायचं नाही हं." अगं, तो माझा धाकटा भाऊ होता. मला सांगतेस होय?

तो गेल्यापासून तू गिटारला हात लावला नव्हतास. आता लावलास, तर अँप थोडा वेळ छान वाजतो, मग आवाज फाटतो आणि मागचा एक मोठा काचेचा व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखा लाल होतो. तू नवा आणून घातलास, तोही लाल. मग म्हणालीस, नाहीच जमलं तर कपाटावर ठेवून देईन. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागेना.

मी कॉलेजात काही शिकले नाही, रेडिओ उघडून उघडून शिकले. या अँपमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला फेज इन्व्हर्टर म्हणतात. गिटारचा आवाज तो दोन वाटांनी पाठवतो, एक सुलटा, एक उलटा. मागचे दोन मोठे व्हॉल्व्ह मग आळीपाळीने तो रेटतात. मी आधी त्या दोघांची अदलाबदल केली. लाल झाला तो त्याच जागेवरचा, म्हणजे व्हॉल्व्हचा काही दोष नाही. छोटा बदलून पाहिला, तरी तेच. तव्यावर पोळी टाकायची नि परत अँपपाशी यायचं, पोळी जळायची. फोनमधून शिट्टीसारखा एकच सूर अँपमध्ये सोडून ऐकत बसायचे, तर कानडी शेजारीण खिडकीतून म्हणाली, "अक्का, स्वल्प बंद करा की. कुकर तरी थांबतो मधेमधे." मी सरी सरी, बरं बरं म्हटलं आणि आवाज जरासा कमी केला.

मग मोठे व्हॉल्व्ह काढले आणि मीटर घेतला. एक हात पाठीमागे ठेवून, कारण आत जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज असतं. छोट्या व्हॉल्व्हपासून मोठ्यांकडे जाताना दोन्ही वाटांवर एकेक कंडेन्सर असतो. त्याने आवाज सोडायचा आणि ते व्होल्टेज अडवायचं. गार असताना दोघंही गुणी. माझी नुसती तगमग. शेवटी केसांचा ड्रायर आणला आणि एकेकाला शेकलं. पहिला ढिम्म. दुसऱ्याला ऊब लागली आणि मीटरचा काटा सरकायला लागला. गरम झाला की हाच गळतो, आणि पुढचा व्हॉल्व्ह बिचारा पेटतो.

काढायला म्हणून वाकले आणि हात थांबला. आतलं बाकी सोल्डर कंपनीचं, बारीक. या कंडेन्सरच्या दोन्ही पायांवर मात्र हरभऱ्याएवढे गोळे. तुझा बाबा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कामाला असताना त्याचे साहेबही या गोळ्यांना हसायचे. मी म्हणायचे, "अरे, लाडू वळतोयस का?" तर म्हणायचा, "अक्का, सुटलं तर मला विचार."

सुटलं नाहीच ते. कंडेन्सरच आतून म्हातारा झाला.

मी एकच पाय सोडवला, एवढं चालवून घे. त्या जागी नवा कंडेन्सर क्लिपा लावून तात्पुरता जोडला आणि दुपारभर अँप चालू ठेवला. लाल नाही, फाटणं नाही. जुना आता एका पायावर लटकतोय. तो पाय माझ्याच्याने सोडवत नाही, आणि तू सांगितल्याशिवाय सोडवणारही नाही. जुनाच परत जोडला तर अँप तुझ्या कपाटावर जाणार, काढला तर वाजणार. ते तूच ठरव. अँप टेबलावर उघडा पडलाय, येता-जाता नजर तिथेच जाते, घास गोड लागत नाही.

बनशंकरीहून बसवनगुडी काही परदेश नाही. या रविवारीच ये, गिटार घेऊन ये, आणि रिक्षा सोडून दे.